जोशीवाडीकर जोशी

माझ्याकडे लॅमिनेशनचं मशीन आहे, ही गोष्ट मी मुलाच्या शाळेत कुणाला सांगायलाच नको होती. मिनिआपोलिसच्या थंडीत माणसाने तोंड बंद ठेवावं. मी ते उघडलं आणि ‘लेबलं मी करून आणतो’ असं म्हणून बसलो.

शाळेत दरवर्षी फेब्रुवारीत एक संध्याकाळ असते. पालक आपापल्याकडचं खाणं घेऊन येतात, टेबलावर झेंडा मांडतात आणि मुलं सगळ्या टेबलांना प्रदक्षिणा घालून शेवटी चिप्स खातात. यंदा बावीस टेबलं होती. बावीस चिठ्ठ्या छापायच्या, प्लॅस्टिकमध्ये घालायच्या, टेबलावर उभ्या करायच्या. अर्ध्या तासाचं काम. एकवीस चिठ्ठ्यांना खरोखरच अर्धा तास लागला.

बाविसावी होती सोमाली टेबलाची. हे आता मी किती सहज ‘सोमाली’ लिहून गेलो बघा. या सहजतेपायी दीड तासाची एक बैठक, दोन शब्दकोश आणि एक मांजर खर्ची पडलंय.

तसं आमच्या गावात सोमाली माणूस ही काही नवलाई नाही. १९९१ मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, यादवी पेटली आणि देश सोडून जी माणसं बाहेर पडली, त्यांतली अमेरिकेत आलेली सगळ्यांत जास्त मिनेसोटातच स्थिरावली. सीडर-रिव्हरसाइडमधले ते रंगीत चौकटींचे उंच टॉवर, कार्मेल मॉलमधली कपड्यांची, अत्तरांची, सोन्याची दुकानं, सगळं आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. तिथे वेलदोडा-दालचिनी घातलेला गोड चहा मिळतो. त्याला ते ‘शाह’ म्हणतात. बारा वर्षं मी तो चहा पितोय. पण पाजणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं, हा प्रश्न चिठ्ठी छापायची वेळ येईपर्यंत मला पडला नव्हता.

बैठक शाळेच्या वाचनालयात, पहिलीतल्या मुलांच्या खुर्च्यांवर. गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या माणसाला कुठलाही मुद्दा जरा जास्तच जिव्हाळ्याचा वाटतो, असा माझा अनुभव आहे. मी मसुदा दाखवला. त्यावर लिहिलं होतं, ‘सोमालियन’.

‘सोमाली,’ एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका म्हणाल्या. त्यांची नात चौथीत आहे आणि त्या स्वतः अजून शाळेतच आहेत.

‘सोमालियनच बरोबर,’ एक इंजिनियर बाप म्हणाला. ‘इंडिया-इंडियन, रशिया-रशियन, सोमालिया-सोमालियन. नियम आहे.’

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचं म्हणणं असं, की नाव आधी लोकांचं. त्या लोकांना म्हणतात सोमाली. त्याला लॅटिन शेपूट जोडून युरोपीय लोकांनी देशाचं नाव केलं सोमालिया. आता त्या शेपटाला तुम्ही आणखी एक ‘न’ लावणार आणि ते नाव पुन्हा त्याच लोकांच्या गळ्यात बांधणार!

मला एकदम लख्ख समजलं. जोशी राहतात म्हणून जोशीवाडी. आणि जोशीवाडीत राहतात म्हणून जोशांना म्हणायचं जोशीवाडीकर. मी हे सगळ्यांना समजावून सांगायला गेलो. पण त्यासाठी आधी वाडी म्हणजे काय, मग कर म्हणजे काय, मग हा कर भरावा लागत नाही, असं सांगता सांगता बैठकीची पाच मिनिटं मीच खाल्ली.

‘मग मंगोल लोकांचं काय?’ इंजिनियर हटेना. ‘मंगोल, मंगोलिया, मंगोलियन. तिथे चालतं ना?’

बाई क्षणभर गप्प झाल्या. जन्मभर शिकवलेल्या भाषेने भर बैठकीत असं तोंडघशी पाडावं, हे बघून मलाही वाईट वाटलं. मग शब्दकोश निघाले. शब्दकोशात ‘सोमाली’ही होता आणि ‘सोमालियन’ही. शब्दकोश हे असं प्रकरण आहे की त्याच्याकडे भांडण नेलं, तर तो दोघांना चहा पाजून परत पाठवतो. तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, ‘अनेकवचन काय? सोमाली की सोमालीज?’ त्या कोपऱ्याकडे कुणीही पाहिलं नाही.

मी म्हटलं, थांबा, फोनवर बघतो. शोधायला गेलो लोक आणि पडद्यावर आलं मांजर. झुपकेदार शेपटीचं, तांबूस, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं. सोमाली मांजर! आता या मांजराचा सोमालियाशी काडीचा संबंध नाही. अ‍ॅबिसिनियन जातीच्या मांजरांना कधीकधी लांब केसांची पिल्लं व्हायची, ती अमेरिकेत वेगळी वाढवली. अ‍ॅबिसिनिया म्हणजे इथिओपिया, आणि शेजारचा देश कुठला? सोमालिया. झालं बारसं. शेजाऱ्याचं आडनाव लावलेलं मांजर! समितीने त्याचे फोटो दहा मिनिटं पाहिले आणि त्या दहा मिनिटांपुरतं आमचं पूर्ण एकमत होतं.

मग कुणालातरी सुचलं, की सोमाली माणसालाच विचारलं तर? आणि आम्ही सगळे सावकाश वळलो. कारण तो माणूस तासभर आमच्यातच बसला होता. ट्रक चालवतो, रात्रपाळी करून आला होता, भिंतीला डोकं टेकून त्याचा डोळा लागला होता. मला तो ‘वलाल’ म्हणतो. म्हणजे भाऊ.

‘मला विचारताय?’ तो म्हणाला. ‘मी केनियाचा.’

वाचनालयात शांतता.

त्याचा जन्म गारिसाचा. ते केनियात. भाषा सोमाली, घर सोमाली, आजा-पणजा सोमाली. सोमालिया देशात तो आयुष्यात एकदा गेलाय, तोही लग्नाला. त्याची बायको हर्गेसाची, म्हणजे सोमालीलँडची. त्याचा भाऊबंद जिजिगाचा, ते इथिओपियात. ‘सोमाली म्हणा,’ तो म्हणाला, ‘त्यात आम्ही सगळे येतो. सोमालियन म्हणालात तर मी बाहेर, माझा भाऊ बाहेर, आणि माझी बायको तर तुमची चिठ्ठीच फाडेल.’

तिचं म्हणणं समजून घ्यायला आणखी पाव तास गेला. ब्रिटिशांच्या ताब्यातलं सोमालीलँड २६ जून १९६० ला स्वतंत्र झालं. पाचच दिवसांनी, १ जुलैला, ते इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या सोमालियाशी जोडलं गेलं. पाच दिवसांत आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा निर्णय होत नाही. पुढे मे १९९१ मध्ये त्यांनी वेगळं झाल्याचं जाहीर केलं, पण जगातल्या बहुतेक देशांनी ते मानलेलं नाही. सोमालियाच्या आकाशी झेंड्यावर पाच टोकांचा पांढरा तारा आहे. एक टोक ब्रिटिशांच्या सोमालीलँडचं, एक इटलीच्या, एक फ्रेंचांच्या म्हणजे आजच्या जिबूतीचं, एक इथिओपियातल्या ओगादेनचं आणि एक केनियाच्या उत्तरेचं. म्हणजे त्या झेंड्यावर हा ट्रकवालाही आहे, फक्त झेंडा त्याच्या देशाचा नाही.

‘मग टेबलावर झेंडा कुठला?’ अध्यक्षीणबाईंनी विचारलं. त्यांनी तो आधीच मागवला होता.

‘टेबलावर भात ठेवा,’ तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीला टेकला.

एवढ्यावर मी गप्प बसायचं. पण बाईंनी माझी चिठ्ठी उचलली. ‘आणि तुमचं काय? इथे नुसतं इंडियन लिहिलंय. तुम्ही लोक म्हणजे… मराठियन?’

मराठियन! मी उठून उभा राहिलो. त्या खुर्चीतून उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात खरं तर राग ओसरायला हवा होता. मी सांगितलं की भाषा मराठी, राज्य महाराष्ट्र, मराठा म्हणजे आणखी वेगळं, आणि आमचेच लोक इंग्रजी बोलताना स्वतःला ‘महाराष्ट्रियन’ म्हणवतात, ते मला मुळीच मान्य नाही. त्यात माझी बायको बेळगावची. तिच्या माहेरी उंबऱ्यापासून माळ्यापर्यंत मराठी, पण पत्त्यावर कर्नाटक. तिला महाराष्ट्रियन म्हटलं तर नकाशा आडवा येतो आणि कन्नडिगा म्हटलं तर सासरे. शिवाय तंजावरला तर तीनशेहून जास्त वर्षं मराठी बोलणारी घरं आहेत, त्यांना काय म्हणाल?

भिंतीला टेकलेला माणूस आता पूर्ण जागा होता. ‘वलाल,’ तो म्हणाला, ‘तुझी बायको गारिसाची आहे.’

रात्री घरी येऊन मी दोन चिठ्ठ्या नव्याने छापल्या, ‘सोमाली’ आणि ‘मराठी’. छापताना डोंबिवलीला आईशी बोलणं चालू होतं. ती म्हणाली, ‘म्हणजे ते चाचेच ना रे?’ मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने पस्तीस सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले होते, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी म्हटलं, अगं, तो ट्रक चालवतो. ‘मग जेवायला बोलाव की,’ ती म्हणाली. आईची मतं अशी झटकन बदलतात, समितीत ती हवी होती.

चिठ्ठ्या लॅमिनेट केल्या. प्रत्येक टेबलाने पदार्थांची यादी पाठवली होती, त्यांचीही छोटी लेबलं करायची होती. सोमाली यादीत एक पदार्थ ‘एक्स’ने सुरू होत होता. एक्स, ए, एल, डब्ल्यू, ओ. क्झाल्वो? रात्रपाळीच्या माणसाने झोपेत लिहिलं असणार, असं समजून मी उदार मनाने सुधारणा केली. एक्सच्या जागी झेड. छापलं ‘झाल्वो’, घातलं प्लॅस्टिकमध्ये.

कार्यक्रमाच्या दिवशी बाहेर शून्याखाली अठरा. सोमाली टेबलावर ट्रकवाल्याची आई बसली होती. तिला सगळी पोरं ‘अयेयो’ म्हणत होती. अयेयो म्हणजे आजी. तिच्यापुढे सामोसे, म्हणजे ‘सांबूस’, मोठ्या परातीत मसाल्याचा भात आणि भाताशेजारी न सोललेल्या केळ्यांची फणी. ‘सोमाली’ ही चिठ्ठी तिने पाहिलीसुद्धा नाही. तिने उचललं ते दुसरं लेबल. ‘झाल्वो?’ तिने मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं.

सोमाली भाषेला १९७२ मध्ये सरकारने लॅटिन लिपी दिली. त्यांच्याकडे घशातून येणारा एक ‘ह’ आहे. साधा ‘एच’ दुसऱ्या ‘ह’ला दिलेला आणि एक्स रिकामाच होता, म्हणून तो घशातला ‘ह’ एक्सला देऊन टाकला. त्यामुळे हसन एक्सने सुरू होतो. आणि ताटात काय होतं? वेलदोडा-जायफळ घातलेला, तुपात थबथबलेला, लालसर, चकचकीत, कराची हलव्याचा सख्खा भाऊ. हलवो. हलवा! आख्खी समिती ‘सोमाली’वर घाम गाळत होती आणि मी जन्मापासून येत असलेला एकुलता एक शब्द बिघडवून त्यावर प्लॅस्टिक चढवलं होतं.

खिशातल्या पेनाने दुरुस्त करायला गेलो. लॅमिनेशनवर शाई धरत नाही.

अयेयोने ते लेबल उलटं ठेवून त्यावर केळ्याची साल टाकली आणि माझ्या मुलाला हाक मारली, ‘अयेयो! ये इकडे!’ मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. आजी त्याला आजी म्हणत होती.

‘आमच्यात मोठी माणसं आपलंच नातं लहानाला लावतात,’ ट्रकवाला म्हणाला. ‘आजी नातवाला आजी म्हणते, मामा भाच्याला मामा.’ मामाला त्यांच्यात ‘अब्ती’, काका वेगळा, मावशी वेगळी, आत्या वेगळी. सगळ्यांना एकाच अंकल-आंटीत कोंबण्याचा इंग्रजी कंजूषपणा नाही.

अयेयोने पोराच्या ताटात भात वाढला, त्यात केळं कुस्करलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. मसालेभातात केळं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कुस्करलंय.

‘बाबा, खाऊ हे?’

‘खा रे बाबा,’ मी म्हटलं.

ट्रकवाला हसायला लागला. मला आधी कळेना, कशाला.