कॅनिबल होलोकॉस्टमध्ये ॲक्टर खरंच मेले म्हणे!

दर काही महिन्यांनी हा मेसेज परत उगवतो, कधी व्हॉट्सॲपवर तर कधी घोगऱ्या आवाजातल्या रीलमध्ये. मजकूर साधारण ठरलेला: 1980 चा इटालियन पिक्चर कॅनिबल होलोकॉस्ट, यात शूटिंगमध्ये ॲक्टर लोकांना खरंच मारलं, डायरेक्टरवर खून सिद्ध झाला, खऱ्या नरभक्षक आदिवासींनी काम केलं, 50 देशांत आजही बंदी आहे आणि ओरिजिनल कॉपी फक्त डार्क वेबवर मिळते. खाली एक कवटी आणि "हिंमत असेल तर बघा". जुन्या इटालियन हॉररच्या नादी लागलेल्या माणसाने हे वाचून डोक्यावर हात मारायचा नाही तर काय करायचं? कारण खरी गोष्ट यापेक्षा जास्त भारी आहे आणि एका बाबतीत यापेक्षा घाणेरडीही.

आधी खुनाचं बघू. फेब्रुवारी 1980 मध्ये पिक्चर मिलानला लागला आणि दहाएक दिवसांत तिथल्या न्यायाधीशाने तो जप्त केला, पण कशासाठी, तर अश्लीलतेसाठी. खुनाची भानगड नंतरची. जानेवारी 1981 मध्ये 'फोटो' नावाच्या फ्रेंच मासिकात आलं की यातले काही मृत्यू खरे असावेत आणि मग दिग्दर्शक रुज्जेरो देओदातोच्या मागे ते लचांड लागलं. आता गंमत बघा, पिक्चरची कल्पनाच अशी की जंगलात गेलेली डॉक्युमेंटरीवाली टीम गायब झालीय आणि तिने शूट केलेली रिळं एका प्रोफेसरला सापडतात, त्यामुळे ते खरं वाटावं म्हणून देओदातोने त्या टीमची कामं करणाऱ्या ॲक्टर्सकडून करारच करून घेतला होता की वर्षभर कुठल्याही मीडियात दिसायचं नाही. म्हणजे कोर्ट विचारतंय माणसं कुठायत आणि ह्याच्याच करारामुळे माणसं गायब! शेवटी त्याने लुका बार्बारेस्कीला गाठलं, ॲक्टर मंडळी जिवंत समोर आणली आणि खुनाचा आरोप रद्द झाला. हाच "मेलेला" बार्बारेस्की पुढे इटलीत टीव्ही-नाटकातलं मोठं नाव झाला आणि 2008 मध्ये खासदार म्हणून निवडूनही आला.

आणि तो खांबावर टोचलेल्या मुलीचा फेमस फोटो, ज्याच्यावर अर्धा मेसेज उभा आहे, त्याची ट्रिक एकदम साधी. लोखंडी खांबाला सायकलची सीट लावलेली, मुलगी त्या सीटवर बसलेली, तोंडात बाल्सा लाकडाचा टोकदार तुकडा धरून वर बघतेय, आणि मग नकली रक्त. बस. इटालियन इफेक्टवाल्यांना कोर्ट काही नवीन नव्हतंच म्हणा. इटालियन डायरेक्टर लुचो फुल्चीच्या 1971 च्या एका पिक्चरमध्ये चिरलेले कुत्रे दाखवले म्हणून तोच प्रकार झाला होता, तेव्हा इफेक्टवाल्या कार्लो राम्बाल्दीने ते बनावट कुत्रे थेट कोर्टात नेऊन दाखवले. राम्बाल्दी म्हणजे तोच, ज्याला पुढे एलियन आणि ईटीसाठी ऑस्कर मिळाले.

पण "सगळं खोटंय, सगळे इफेक्ट्स आहेत" असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनीही जरा थांबावं. पिक्चरमध्ये त्या टीमची जुनी डॉक्युमेंटरी म्हणून जो तुकडा दाखवतात त्यातली गोळ्या घालून मारलेली माणसं खरी आहेत, ते आफ्रिका आणि आग्नेय आशियातलं खरं न्यूज फुटेज आहे, विकत घेऊन चिकटवलेलं. म्हणजे पिक्चरसाठी कुणाला मारलं नाही, पण खऱ्या माणसांचं मरण मसाला म्हणून वापरलं. आणि प्राणी? ते खरेच मारलेत, कॅमेऱ्यासमोर, पिक्चरसाठी. एक कोआटी (रॅकूनच्या कुळातला लांब नाकाचा प्राणी), एक मोठं कासव, एक कोळी, एक साप, एक डुक्कर, आणि माकडाचा सीन दोनदा घ्यायचा म्हणून दोन माकडं. दुसरा टेक हवा म्हणून दुसरं माकड, हे मला आजही पचत नाही, आणि पिक्चर कितीही हुशार असला (आहेच तो हुशार) तरी ह्याची सफाई देता येत नाही. कोर्टातून देओदातो आणि मंडळींना जी शिक्षा झाली ती अश्लीलता आणि हिंसेसाठी, त्यातच हे प्राण्यांवरचं क्रौर्यही आलं, चार महिने, तीही स्थगित. मेसेज बनवणाऱ्याने न झालेले खून लिहिले आणि जे खरंच झालं त्याच्यावर एक ओळ नाही.

नरभक्षक आदिवासींचं तर विचारूच नका. शूटिंग झालं 1979 मध्ये कोलंबियाच्या दक्षिण टोकाला, लेतिसिया गावाच्या आसपास, आणि एक्स्ट्रा म्हणून घेतले तिथले स्थानिक लोक. पिक्चरमधल्या जमातीला नाव मात्र यानोमामो, आणि खरे यानोमामी राहतात ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवर, लांब तिकडे. त्यांच्यात मेलेल्या आप्ताच्या अस्थींची राख केळ्याच्या पेजेत कालवून पिण्याची रीत आहे, पण तो शोक आहे, दुःखाचा विधी आहे, शत्रूला पकडून फाडून खाण्याशी त्याचा काय संबंध. जिवंत समाजाचं नाव उचलून त्याला राक्षस केलं, आणि आपण 40-45 वर्षांनी तेच पुढे फॉरवर्ड करतोय.

आता "50 देशांत बंदी". हा आकडा प्रोड्युसर-डिस्ट्रिब्युटर लोकांचा लाडका आहे, कव्हरवर छान दिसतो, देशांची यादी मागा म्हणजे सगळे गप्प. बंदी होती हे खरं, खुद्द इटलीत होती, 1984 ला उठली. ऑस्ट्रेलियात 2005 ला पास झाला. सगळ्यात मजेशीर ब्रिटन. तिथे 1984 पर्यंत व्हिडिओ कॅसेटला सर्टिफिकेट घ्यायची सक्तीच नव्हती, त्यामुळे कंपन्या भडक कव्हर लावून काहीही विकायच्या, आणि गो व्हिडिओ ह्या कंपनीने 1982 मध्ये ही कॅसेट काढल्यावर पब्लिसिटीसाठी काय केलं असेल? नीतिमत्तेच्या चळवळीवाल्या मेरी व्हाइटहाउस बाईंना स्वतःच आपल्याच पिक्चरची निनावी तक्रार पाठवली! ती चाल इतकी लागू पडली की आपणहून धोंडा पायावर पाडून घेतल्यासारखं झालं, सरकारी वकिलांच्या 'व्हिडिओ नॅस्टी' यादीत (अश्लील म्हणून खटला भरण्याजोग्या कॅसेटची यादी) हा पिक्चर गेला. एकूण 72 नावं त्या यादीत येऊन गेली, त्यातली 39 कोर्टात दोषी ठरली, आणि फुल्ची, अर्जेंतो, जो दामातो अशा इटालियन डायरेक्टरांचे पिक्चर त्यात होतेच. मग 1984 चा कडक कायदा आला. असो. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये हा पिक्चर साडेपाच मिनिटांहून जास्त कापून पास झाला आणि 2011 मध्ये फक्त 15 सेकंद कापली, तीही कोआटी मारतानाची. "आजही बंदी" म्हणे.

डार्क वेबवाला मुद्दा तर निव्वळ आळशीपणा. अमेरिकेत ग्राइंडहाउस रिलीझिंग ह्या कंपनीने पूर्ण अनकट डीव्हीडी 2005 ला आणली, पुढे ब्लू-रेही काढली, दुकानात मिळते, बिल मिळतं. काही जण म्हणतात की त्यातही पिरान्हा माशांचा सीन गायब आहे आणि "खरी" कॉपी वेगळीच आहे. तो सीन कधी पूर्ण शूटच झाला नाही, पाण्याखालचा कॅमेरा चालला नाही, स्टिल फोटो तेवढे उरले, त्यावरून ही अख्खी दंतकथा. उलट त्याच डीव्हीडीत प्राण्यांचे सीन वगळून बघायचा ऑप्शन दिलेला आहे, आणि 2011 च्या ब्रिटिश डिस्कसाठी तर देओदातोने स्वतःच ते सीन कमी करून नवीन एडिट दिलं. बघायचाच असेल तर तसा बघा, कासवाचा सीन नसल्याने कथेचं काही अडत नाही, आणि रिझ ऑर्तोलानीचं ते गोड गोड म्युझिक तेवढंच अंगावर येतं.