भिंतीवरचा पेपर

आज सकाळी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून दादाला काढलं. गुन्हा काय? त्याने लिहिलं, सांगलीतल्या २०१९ च्या पुराचं सगळं खापर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर फोडू नका, पुराची कारणं तपासणाऱ्या सरकारी वडनेरे समितीचा अहवाल वाचा, आणि निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकाठी जिथे बांधायला मनाई आहे तिथे, आपण काय काय बांधून ठेवलंय तेही बघा. झालं! कुणीतरी 'कर्नाटकचा एजंट' म्हणालं, पाच मिनिटांत दादा बाहेर. खाली अंगठ्यांची रांग.

संताप झाला माझा. अरे, पुरात त्याच्याच माडीवर राहिलात ना तुम्ही?

दादा म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या काकांचा मुलगा. आमचे आप्पा आणि काका, दोघांचं राजकारण जन्मात जुळलं नाही. पेपरही वेगवेगळे. पण रोज साडेनवाला परसातल्या भिंतीवरून पेपरांची अदलाबदल ठरलेली. काकांच्या पेपरला पोह्यांच्या तेलाचा डाग असायचाच. आप्पा तो लाल पेन्सिल घेऊन वाचायचे आणि डोकं फिरवणाऱ्या ओळीशेजारी लिहायचे, 'साफ खोटं'. संध्याकाळी पेपर परत. दुसऱ्या दिवशी काका तोच पेपर पुन्हा भिंतीवर ठेवायचे, खाली निळ्या शाईत, 'कसं ते सांगा.'

माझं मत विचाराल तर आजही दोष अलमट्टीचाच, तिथे अडवलेलं पाणी मागे आपल्याकडे फुगतं. धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची भाषा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं होतं. ते ज्याने डोळ्यांनी पाहिलंय त्याला अहवाल सांगू नका, असं मीही म्हणते.

पण दुपारी दादाकडे गेले. दोघांचे फोन शेजारी ठेवले आणि यूट्यूबवर एकच शब्द टाकला, 'सांगली पूर'. माझ्या फोनवर ओळीने अलमट्टी. त्याच्या फोनवर ओढ्यांवरची अतिक्रमणं, भराव, वरच्या कोयना धरणातून कधी किती पाणी सोडलं ते. नदी एकच, गाव एकच! मी एवढे दिवस समजत होते की सगळी सांगली माझ्यासारखाच विचार करते. एली पॅरिसर या अमेरिकन लेखकाने २०११ मध्येच याला 'फिल्टर बबल' हे नाव दिलंय. आपण जिथे थांबतो, जे दाबतो, तेच फोन पुन्हा पुन्हा आपल्या ताटात वाढतो. भिंतीवरून येणारा पेपर त्याने कधीच बंद केलाय, आणि आपल्याला पत्ताही नाही.

हो, काही लोक ग्रुपवर नुसतं विष ओकतात, त्यांना काढावंच लागतं. दादा त्यातला नाही, हे काढणाऱ्यालाही माहीत आहे.

आणि मी तरी काय केलं? अंगठा नाही दाखवला, पण तोंडही उघडलं नाही. दिवसभर तेच टोचतंय.

पुरात आम्ही सगळे काकांच्या माडीवर होतो. लाईट नाही, खाली पाण्याचा आवाज, आणि मेणबत्तीच्या उजेडात आप्पा आणि काका भांडत होते. अलमट्टीवरूनच! काकू दोघांच्या हातात चहा देत म्हणाल्या, "आता तरी गप बसा." कुणी बसलं नाही. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर आप्पांनी जपून ठेवलेले ते लाल-निळे पेपर चिखलात लगदा होऊन पडलेले. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता आप्पाही नाहीत आणि काकाही नाहीत.

दादा, तो अहवाल मला छापून दे. लाल पेन्सिल आणून ठेवलीये.