उकळत्या पाण्याने गाडीच्या दाराचा पोचा निघत नाही

'डेंटिंग-पेंटिंगवाल्याला एक रुपयाही देऊ नका' असा मेसेज पुन्हा सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात सल्ले पाच: पोच्यावर उकळतं पाणी ओता, चऱ्यावर टूथपेस्ट घासा, डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे मारा, खोल चरा नेलपॉलिशने बुजवा, आणि काहीच जमलं नाही तर झिरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई देणारा विमा) आहेच, क्लेम फुकट! हे सगळं धादांत खोटं असतं तर बरं झालं असतं. त्यातलं थोडं खरं आहे, म्हणून लोक फसतात.

आधी उकळतं पाणी. व्हिडिओ नीट बघा, त्यात बहुतेक वेळा बंपरच असतो. बंपर पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लॅस्टिकचा, तापला की मऊ पडतो आणि मागून ढकलला की बाहेर येतो. इथवर खरं. मात्र तो आधी पुट्टी भरून रंगवलेला असेल तर पुट्टी तडकते, आणि कडक घडी पडली असेल तर रेघ राहतेच. दार आणि फेंडर बहुधा पोलादी पत्र्याचे. हा पत्रा कारखान्यात रंगाचा पहिला थर भाजताना १५० अंशांच्या वर तापून निघालेला असतो, त्याला तुमच्या पातेल्यातल्या १०० अंशांचं काय कौतुक? चेपताना तो ताणला जातो, आणि हे ताणणं पाण्याने मागे जात नाही. हेअर ड्रायर आणि बर्फ हा प्रकारही त्याच माळेचा. एखादा मोठा, उथळ पोचा कधी सुटतो, तेवढाच.

रंग न काढता पत्रा सरळ करायची पद्धत आहे, तिला पीडीआर म्हणतात. कारागीर पॅनेलसमोर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा धरतो. प्रतिबिंबातल्या रेघा पोच्यापाशी वाकतात. मग मागून सळी घालून, रेघा सरळ होईपर्यंत तो कणाकणाने दाबत जातो. मागे सळी पोचत नसेल तर बाहेरून गोंदाने टॅब चिकटवून ओढतो. रंग फुटला असेल किंवा पोचा अगदी कडेला असेल, तर चांगला कारागीर आधीच नाही म्हणतो.

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे रंगावरच्या पारदर्शक थरावरचा, म्हणजे क्लिअर कोटवरचा, हलका ओरखडा तिने फिका होतो. पण हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. काळ्या गाडीवर जोर लावून घासा आणि दुपारच्या उन्हात बघा, धुरकट डाग दिसेल. घासण्याआधी चऱ्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओला असताना चरा दिसेनासा झाला तर तो वरवरचा आहे, रबिंग-पॉलिशने जाईल. नख अडकलं तर घासून उपयोग नाही.

डब्ल्यूडी-४० चरा नुसता तेलाने भरतं. गाडी धुतली की चरा हजर.

नेलपॉलिशमागची भीती मात्र रास्त आहे. पत्रा उघडा पडला की गंज धरतो, कोकणात तर फारच लवकर. पण नेलपॉलिश रंगाला जुळत नाही, उन्हात टिकतही नाही. गाडीच्या रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो. त्या कोडची टचअप बाटली आणा.

राहिला फुकटचा क्लेम. झिरो डेप असलं तरी सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, चुकत नाही: १५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला १,००० रुपये, त्याहून मोठ्याला २,०००. खरा फटका एनसीबीचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीचा. समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ प्रीमियम १२,००० आहे आणि तुम्हाला ५० टक्के सूट मिळतेय. क्लेम केला की, एनसीबी प्रोटेक्ट (ही सूट वाचवणारं जोड-कवच) घेतलेलं नसेल तर, सूट शून्यावर. मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ अशी चढत ती पुन्हा ५० होते. प्रीमियम तोच धरला तर या पाच नूतनीकरणांत मिळून १५,००० रुपये जादा जातात. बंपरचा कोपरा रंगवायला किती लागतात, ते आधी गॅरेजवाल्याला विचारा आणि मग क्लेमचा फॉर्म भरा.