वॉटरप्रूफ बूट आणि आपला पाऊस

पावसाळी ट्रेकसाठी घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूटच घ्या, असा सल्ला ट्रेकिंगच्या बुटांवरच्या एका लेखात दिलाय. हिमाचलच्या थंडीत तो ठीक, पण आम्हा ठाणेकरांना जुलैत माहुली गडाला किंवा पनवेलजवळच्या प्रबळगडाला जायचं असतं. तिथे पायवाटेचाच ओढा झालेला असतो. पाणी बुटात वरून शिरतं, पोटरीवरून ओघळत मोज्यात उतरतं, आणि वॉटरप्रूफ अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. मग दिवसभर ते वजन वागवायचं. त्यापेक्षा जाळीदार, पटकन निथळणारे बूट कधीही बरे.

खरा प्रश्न सोलचा आहे, आणि त्यावर लेखात जेमतेम एक ओळ! आपला कातळ बेसाल्टचा. कडक रबर ओल्या कातळावर सटकतं, मग खाचा कितीही खोल असोत. खाचा कामाच्या त्या चिखलात. मऊ रबर दगड धरून ठेवतं, झिजतं मात्र लवकर. शेवाळावर तर कुठल्याच सोलवर भिस्त ठेवू नका.

माप संध्याकाळी घ्या (पाय थोडे फुगलेले असतात), तेही ट्रेकचेच मोजे घालून. दुकानाचा जिना उतरून बघा. बोटं पुढे आपटली तर मोठा नंबर मागा.

आणि माळ्यावरचे जुने बूट थेट गडावर नेऊ नका. इथल्या दमट हवेत सोलमधला पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) थर न वापरताही विरतो आणि सोल वाटेतच सुटतो. आधी वाकवून, दाबून बघा, ठाण्यातल्याच येऊरच्या डोंगरात एक फेरी मारा.