घामाचा हिशेब

सिंहगड चढून-उतरून माणूस दीड किलो आटतो. माझ्याकडे पुरावा आहे. आतकरवाडीत निघताना 82.4, परतल्यावर 80.9. वजनकाटा मी सॅकमध्ये घालून नेला होता. त्याबद्दल बायकोचं मत विचारू नका.

कल्पना बाप्याची. "एक किलो घाम गेला की दीड लिटर प्यायचं असतं," तो म्हणाला. आणि काय प्यायचं तेही त्याला ठाऊक होतं. "बिअर. स्पेनच्या ग्रॅनाडा विद्यापीठानं सिद्ध केलंय. सायन्स आहे रे, सायन्स!" बाप्याचं सायन्स सकाळी सहा वाजता सुप्रभातच्या फुलांसोबत येतं. पण वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एखादं विद्यापीठ आपल्या बाजूनं उभं राहतंय म्हटल्यावर मी चौकशी केली नाही.

गडावर मावशी मडक्यातलं दही घेऊन बसल्या होत्या. शेजारी ताकाची कळशी, कडेला मीठ. "घे की रं दादा, घशाला कोरड पडलीय तुझ्या." माझा हात खिशाकडे गेलाही होता. बाप्यानं तो धरला. "तहान वाया घालवू नकोस!" मग भर उन्हात, जिभेचा पापड झालेला असताना, आम्ही ती तहान सांभाळत खाली आणली.

धायरीच्या अलीकडे एका परमिट रूमचं शटर नुकतंच वर गेलं होतं. थंड म्हणून फक्त स्ट्राँग होती. वेटरनं बाटली ठेवली. गार काचेवरून एक थेंब लेबलपर्यंत आला, तिथं अडला, मग वळसा घालून टेबलावर उतरला. एवढ्या भक्तिभावानं मी काकड आरतीलाही उभा राहिलेलो नाही.

बाप्यानं लेबल वाचलं. "650 मिली. ग्रॅनाडावाल्यांनी 660 दिली होती. दहा मिली कमी पडतायत." त्या दहा मिलीसाठी आम्ही दुसरी बाटली मागवली. प्रत्येकी. पाणी मागवलं नाही, उगाच पोट भरतं.

घाम आला की मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाच्या हार्मोनकरवी मूत्रपिंडांना निरोप धाडतो: पाणी अडवा, पाणी जिरवा. दारू पोटात गेली की हा निरोप्याच गप्प बसतो. पुढं काय होतं ते सिंहगड रोडवरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. खडकवासल्याचे दरवाजे उघडतात.

माझा विसर्ग रिक्षात बसल्यावर वाढला. पुढं टेम्पो, मागं बस, बाजूला वरात. रविवारी दुपारी वरात कुठून आली, देव जाणे. बँडवाले मनापासून वाजवत होते आणि मी पायावर पाय टाकून, आयुष्यात कधी केलं नाही इतकं एकाग्र ध्यान करत होतो. पहिला थांबा पेट्रोल पंपावर घेतला, दुसरा एका मंगल कार्यालयात. तिथं मुलाकडचे समजून माझ्या अंगावर अत्तर शिंपडलं गेलं. तिसऱ्या वेळी रिक्षावाला म्हणाला, "काका, शुगर तपासून घ्या."

घरी आलो तेव्हा डोकं ठणकत होतं, जीभ टाळूला चिकटलेली. काट्यावर उभा राहिलो. 81. तेराशे मिली ओतून शंभर ग्रॅम वसूल. एवढी गळती आमच्या सोसायटीच्या टाकीलाही नाही.

बायकोनं आधी ताकाचा तांब्या पुढं केला, मग ते संशोधन मोबाइलवर शोधून काढलं. "अहो, 2015चं आहे. सोळा पुरुष उन्हाळ्यात पळवल्यासारखे पळवले, हे खरं. पण बिअर साडेचार टक्क्यांची होती. तुमची?"

"आठ."

"म्हणजे एका बाटलीत जवळजवळ दुप्पट दारू. दोनांत किती ते तुम्हीच करा. आणि त्या बिअरवर त्यांना हवं तेवढं पाणी दिलं होतं. बिअर पाण्यापेक्षा बरी, असं यात कुठंच नाही. पाण्याइतकंच भागलं, नुकसान दिसलं नाही, एवढंच आहे."

मी तांब्या संपवला. दुसराही. जिरं, मीठ, वर कोथिंबीर. एकदाही उठावं लागलं नाही.

रात्री बाप्याचा मेसेज: "म्युनिक मॅरेथॉनच्या धावपटूंना डॉक्टरांनी रोज लिटरभर बिअर पाजली होती! रविवारी पर्वती?" ती बिअर बिनअल्कोहोलची होती, हे बायकोनं माझ्या खांद्यावरून वाचता वाचता सांगितलं. मी बाप्याला काही कळवलं नाही. काट्याचे सेल तेवढे बदलून ठेवलेत.