वेल्डिंग मारलं की भागतं?

बेळगाव-खानापूरकडच्या सायकलवाल्यांत एक सल्ला सारखा फिरतोय: "धडक बसली तरी तडा दिसत नसेल तर बिनधास्त चालवा. फ्रेम वाकलीच तर उद्यमबागेतल्या कारखान्यांत वेल्डिंग मारून मिळतं. खर्च निम्म्या किमतीवर गेला तरच नवी घ्या."

वेल्डिंगचंच आधी घेऊ. आपल्याकडे फाउंड्र्या नि फॅब्रिकेशनवाले एवढे, की धातूचं काहीही जोडून मिळतं असा सगळ्यांचा ग्रह. स्टीलच्या फ्रेमपुरता तो बराचसा खराही आहे. थोडी वाकलेली सरळ होते, तुटलेली जोडता येते. आजच्या गिअरच्या सायकली मात्र बहुतेक ॲल्युमिनियमच्या. त्यात ६०६१ हा मिश्रधातू असेल, तर वेल्डिंगनंतर सांध्याशेजारची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवून पाण्यात विझवायची, मग १७०च्या आसपास कित्येक तास ठेवायची. एका फ्रेमसाठी भट्टी कोण पेटवणार? आणि वाकलेलं ॲल्युमिनियम ठोकून सरळ केलं, तर सरळ दिसेल एवढंच. हँडल असो वा पुढचं चाक धरणारा चिमटा, वाकला की बदला.

"तडा दिसत नाही" हे तर त्याहून फसवं. माझंच सांगतो. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ स्कूटर आडवी आली. पुढची रिम आऊट, बाकी सायकल चकाचक. घरी हँडलखालच्या जोडामागे, तिरप्या नळीच्या पोटाला बोट फिरवलं, तर रंगाखाली बारीक वळी लागली. समोरून धडक बसली की फ्रेम इथंच दबते. मग दोरा लावला: मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेतून, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत. दोन्ही बाजूंना सीटच्या नळीपासूनचं अंतर सारखं हवं, माझं नव्हतं. कार्बनची असती तर डोळे आणि बोट दोन्ही निकामी. तिथे नाण्यानं टकटक करतात, बद्द आवाज आला तर आतले थर सुटल्याचा संशय. पण आवाज खणखणीत आला म्हणून फ्रेम शाबूत, असंही नाही.

निम्म्या किमतीचा हिशोब दुकानदाराच्या सोयीचा. रिम, आरे, गिअरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला धरणारा तुकडा) बदलून खर्च वाढला तरी फ्रेम धड असेल तर सायकल टिकते. हँगर तर वाकायलाच असतो, फ्रेम वाचावी म्हणून. उलट वळी पडलेल्या ॲल्युमिनियम फ्रेमवर शंभर रुपये घालणंही फुकट. माझ्या सायकलीचं मागचं चाक आणि गिअर आता दुसऱ्या फ्रेमवर आहेत. जुनी फ्रेम कापून मगच भंगारात दिली, नाहीतर कुणीतरी वेल्डिंग मारून विकली असती.