सेविचे रात्रभर मुरवायचं नसतं

एका लेखात पेरू देशातल्या सेविचे या कच्च्या माशाच्या पदार्थासाठी मासा 'रात्रभर लिंबाच्या रसात मुरवा, म्हणजे तो शिजतो आणि निर्धोक होतो' असं लिहिलंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आम्लाने माशातली प्रथिनं गोठतात, मांस पांढरं आणि घट्ट होतं, पण परजीवी आणि सगळे जिवाणू त्याने मरत नाहीत. परजीवी मरावेत म्हणून कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवून घ्यावा. घरचा फ्रीझर बहुतेक वेळा तेवढा थंड नसतो, तेव्हा थर्मामीटर ठेवून खात्री करा. पेरूची राजधानी लिमामध्ये पूर्वी मासा तासन् तास मुरवत, हे खरं. जपानी वंशाच्या आचाऱ्यांच्या प्रभावाने तो वेळ मिनिटांवर आला आणि आज तीच रीत रूढ आहे.

अर्धा किलो तांबोशी घ्या, बांगडा नको. तो तेलकट, लवकर उतरतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. आधी मीठ चोळून दोन मिनिटं थांबा, मगच सव्वाशे मिली रस घाला. लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळलंत तर सालीचा कडूपणा उतरतो, म्हणून अर्ध्यावर सोडा. भांड्यात बर्फाचे दोन खडे, बर्फाच्या पाण्यातून काढलेला लाल कांदा, मिरची, कोथिंबीर. पाच ते दहा मिनिटांत कडा पांढऱ्या आणि मध्य पारदर्शक दिसला की लगेच वाढा, सोबत उकडलेलं रताळं आणि मका. रात्रभर ठेवलात तर तुकडे रबरासारखे चिवट होतील.